भरल्या गाडीचं माप

गल्लीत तिला सगळे 'नाकवाली' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. नाक काही फार मोठं नव्हतं, पण ते सदा कशावर तरी मुरडलेलं असे. तुंबलेल्या गटारावर, शेजारणीच्या पायपुसण्यावर, पानवाल्याच्या भिंतीवरच्या लाल पिचकाऱ्यांवर. पण या सगळ्या किरकोळ घाणी. खरी घाण तिच्या स्वतःच्या अंगणात चाकांवर उभी असायची, आणि ती तिच्या नवऱ्याच्या मालकीची होती.

तो मासळीबाजारातला कचरा वाहायचा. मुंडकी, आतडी, खवले, विकली न गेलेली सडकी मासळी, सगळं पहाटे ट्रकमध्ये भरायचं, घाट उतरून पलीकडच्या खताच्या कारखान्यात ओतायचं आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं. लग्न जुळवताना मध्यस्थाने 'मुलाचा मालवाहतुकीचा धंदा आहे' एवढंच सांगितलं होतं. कसला माल, हे विचारायचं तिच्या वडिलांना सुचलं नाही. तिला मात्र लग्नानंतर पहिल्याच सकाळी कळलं. नवरा कामावरून घरी आला, आणि त्याच्या आधी त्याचा वास दारातून आत आला. ती मोरीत जाऊन ओकली. तो बिचारा बाहेर उभा राहून विचारत होता, "काय झालं? काही बाधलं का?"

"वास," ती आतून कशीबशी म्हणाली.

"कसला वास?"

हे दोन शब्द तिने पुढे जन्मभर ऐकले आणि ते दर वेळी तिच्या डोक्यात गेले. तो मुद्दाम म्हणत नव्हता, हेच तर वाईट. लहानपणापासून बापाबरोबर त्याच गाडीत बसून बसून त्याचं नाक केव्हाच मेलं होतं. त्याला खरंच वास येत नसे. आंघोळ करून, साबण फासून, स्वच्छ शर्ट घालून तो जेवायला बसे, तरी त्याच्या नखांतून, केसांच्या मुळांतून तो आंबूस, गोडसर, कुजका दर्प येतच राही. ती ताट वाढून त्याच्यापुढे ठेवी आणि आपलं ताट उचलून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली जाऊन बसे. आधी लोकांना चमत्कारिक वाटलं, मग सासूने चार शब्द सुनावून पाहिले, मग सगळ्यांना सवय झाली. त्यालाही झाली.

ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकाला उभं करून माप घ्यायला भिंतीवर एक लांब आरसा. काम इतकं सफाईदार की लोक नाकावर रुमाल धरून का होईना, पण तिच्याकडेच येत. अंगणाकडची खिडकी तिने कधी उघडली नाही. उन्हाळ्यात त्या खोलीत घामाच्या धारा लागत, पण कोणाच्या नव्या कपड्याला मासळीचा वास लागण्यापेक्षा भाजून निघालेलं बरं, असं तिचं म्हणणं. दिवसातून दोनदा फिनेल ओतून ती पायऱ्या घासायची. फिनेल आणि मासळी मिळून जो तिसरा वास तयार व्हायचा, त्याला तर नावच नव्हतं.

आता अशा गाडीची चाकं सरळ करायची झाली तर ती कुठे करायची? अलाइनमेंट करून देणारी दुकानं शहरात खंडीभर होती. पण एका दुकानदाराने या गाडीला फाटकातूनच हाकललं, दुसऱ्याने आत घेतली आणि त्या दिवशी आलेली बाकीची गिऱ्हाइकं पळाली. तेव्हापासून हे काम घरच्या अंगणातच होई, नवरा-बायकोने मिळून, त्याच्या बापाने शिकवलेल्या जुन्या पद्धतीने. पुढचं चाक जॅकवर उचलायचं, विटेवर खिळा टेकवून धरायचा आणि चाक हाताने फिरवायचं, म्हणजे टायरभोवती मधोमध एक बारीक रेघ ओढली जाते. दोन्ही चाकांवर अशा रेघा ओढायच्या, गाडी खाली ठेवायची, थोडी मागेपुढे ढकलायची. मग टेपचं एक टोक त्याने धरायचं, एक तिने, आणि एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचं अंतर आधी चाकांच्या पुढून मोजायचं, मग मागून. पुढचं अंतर मागच्यापेक्षा अगदी थोडं कमी भरलं पाहिजे, म्हणजे चाकं पुढून जराशी आत वळलेली. कमीजास्त असेल तर खाली शिरून, दोन चाकांना जोडणारा टाय रॉड पान्याने फिरवायचा आणि पुन्हा मोजायचं. खाली तो शिरायचा. तिचं काम टेप धरण्याचं आणि वाचण्याचं. दोरा, खडू आणि टेप यांत तिचा हात कोण धरणार!

पण तिची एक अट होती आणि ती लग्नापासून बदलली नव्हती. गाडी रिकामी पाहिजे आणि धुतलेली पाहिजे. नुसतं पाणी मारून नव्हे, सोडा टाकून, खराट्याने घासून. त्यानंतर ती जुनं रेक्झीन जमिनीवर पसरी, तोंडाला फडकं बांधी आणि चाकाशी गुडघे टेकी. एवढं करूनही काम संपेस्तोवर तिच्या तोंडाचा पट्टा चालू राही.

"माणसं गाड्या घेतात, त्यातून विटा नेतात, लाकूड नेतात. आमच्या नशिबी मुंडकी!"

"टेप खाली गेली बघ तुझी," तो गाडीखालून म्हणे.

असं सगळं सुरळीत, म्हणजे तिच्या मते घाणेरडं पण सुरळीत, चाललं होतं. त्या वर्षी मात्र गाडी बिघडली. घाट उतरताना ती रस्त्याच्या कडेला ओढू लागली. तो उलट्या बाजूला स्टिअरिंग रेटून रेटून घरी येई तेव्हा त्याचा खांदा सुजलेला असे. दोघांनी अलाइनमेंट केलं. गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत फिरवून पाहिली, गाडी बाणासारखी सरळ. दुसऱ्या दिवशी घाटात पुन्हा तेच. पुन्हा केलं. पुन्हा गल्लीत सरळ आणि घाटात वाकडी. मग एक दिवस बाजूचा आरसा फुटलेला आणि दाराचा पत्रा खरवडलेला अशी गाडी अंगणात आली. ती काही बोलली नाही. एरवी चमचा पडला तरी बोलणारी बाई, पण त्या खरवडलेल्या पत्र्यावर घाटातल्या कठड्याचा पांढरा चुना लागलेला होता, आणि कठड्यापलीकडे काय आहे ते तिला माहीत होतं.

तोच मग जेवताना म्हणाला, "गाडीत काही दोष नाही. माझा हातच गेला आता."

त्याचा धाकटा भाऊ ट्रकच चालवायचा, पण दुसऱ्याचा. त्याला स्वतःची गाडी हवीच होती. तो येऊन खांदा दाबून बघून गेला, जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबला.

"वहिनी, रविवारी गाडी घेऊन जातो. माझ्या तिकडे मोकळं मैदान आहे, तिथेच उभी करीन. तुमचा जन्माचा वनवास सुटला म्हणायचा!"

"तोंडात साखर पडो भाऊजी तुमच्या," ती म्हणाली.

आणि मग तिचे बेत सुरू झाले. अंगणातली वरची काळी माती खणून टाकून द्यायची. दगडी फरशी आम्लाने धुवायची. अंगणाकडच्या खिडकीची बिजागरी गंजली होती, तिला तेल घालून झालंही. मशीन तिथे हलवायची, वाऱ्यात बसून शिवायचं. नवरा घरी असेल, हळूहळू त्याचाही वास जाईल. किती दिवस लागतील कोण जाणे, पण जाईल. या विचाराने तिला इतकं हलकं वाटलं की पानवाल्याच्या भिंतीकडे बघूनही तिने त्या दिवशी नाक मुरडलं नाही.

शुक्रवारी पोस्टातली बाई आली. चांगली लठ्ठ, दिवसभर खिडकीमागे खुर्चीत बसणारी. तिने गेल्याच आठवड्यात नवी पँट शिवून नेली होती, ती घालूनच आली.

"ताई, ही बघा ना. आरशासमोर अगदी झक्क. ऑफिसात बसले की एका बाजूला ओढते. दिवसभर सारखी ओढून ओढून मला वैताग आलाय."

"उभ्या राहा बघू." पँट बिनचूक होती. "आता बसा." बाई स्टुलावर टेकली आणि पँटची शिवण मांडीवरून एका बाजूला सरकत गेली.

"माप उभ्याने घेतलं ना मी," नाकवाली म्हणाली. "तुम्ही दिवसभर बसलेल्या. अंग बसल्यावर पसरतं. बसवूनच माप घ्यायला—"

तिचं वाक्य तिथेच राहिलं. तोंडात धरलेली टाचणी तिने काढून हातात घेतली. गाडी घाटात जाते ती भरलेली. उतारावर तो पाणी सुटलेला माल पुढे सरकतो, सगळं वजन पुढच्या एक्सलवर येतं, यंदा थकलेल्या जुन्या स्प्रिंगा चपट्या होतात. आणि माप घेतलं जातं ते रिकाम्या, धुतलेल्या, तिच्या नाकाला चालेल अशा गाडीचं. गल्लीत फिरवून पाहतात तीही रिकामीच.

"काय झालं ताई?"

"काही नाही. बसा, हलू नका."

पोस्टातली बाई पँट पाठवून देते म्हणून गेल्यावर ती टेबलाशी परत आली. तिला आनंद वगैरे काही झाला नाही. उलट, जिन्यात काहीतरी ओलं पायाखाली यावं तसं झालं. कोणाला विचारलं होतं का तिने? आपलं डोकं नेमकं आत्ताच कशाला चाललं? दोन दिवस थांबायला काय झालं होतं त्याला? गाडी जात होती. घाण जात होती. तिने फक्त मूग गिळून बसायचं होतं, आणि त्यात काही पाप नव्हतं. धाकट्याला आज ना उद्या कळेलच, त्याची गाडी, तो बघून घेईल. त्याला काय, जवान माणूस, खांदे मजबूत. असं तिने स्वतःला चांगलं पटवलं आणि खिडकीसाठी पडद्याचं कापड काढलं.

संध्याकाळी ती कचरा टाकायला अंगणात गेली, तर नवरा गाडीच्या आडोशाला उभा होता. त्याने पाण्याने भरलेली बादली एका हाताने उचलून समोर ताठ धरली होती. हात थरथरत होता. त्याने बादली खाली ठेवली, जरा थांबला आणि पुन्हा उचलली. पाणी त्याच्या चपलांवर सांडलं. तो आपल्या हाताकडे असा बघत होता, जणू त्या हाताने त्याच्या घरी चोरी केली होती.

ती पाय न वाजवता मागे फिरली. तिला स्वतःची किळस आली. माशांची किळस तिला ओळखीची होती, ती नाकातून यायची आणि फडकं बांधलं की थोडी कमी व्हायची. ही कुठून येत होती कळेना, आणि हिला काय बांधायचं तेही कळेना. पडद्याच्या कापडाकडे बघवेना. रात्रीचं जेवण तिच्या घशाखाली उतरलं नाही, आणि या खेपेला त्यात मासळीचा काही दोष नव्हता.

शनिवारी पहाटे तो शेवटच्या फेरीला निघाला तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"माल भरून झाला की परस्पर घाटाकडे जाऊ नका. गाडी इकडे आणा."

"भरलेली?"

"भरलेलीच."

"इथे? अंगणात?" त्याने तिच्या कपाळाला हात लावून बघायचंच काय ते बाकी ठेवलं. "तुला बरं आहे ना?"

"नाही बरं. आणा म्हणते ना!"

तो गाडी घेऊन आला तेव्हा ऊन वर आलं होतं. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून धाडधाड बंद झाल्या. पलीकडची शेजारीण गच्चीवरून ओरडली, "अहो नाकवाली, आज काय डोकं फिरलंय का?" तोंडावर नाव घेऊन हाक मारायची ही पहिलीच वेळ. तिने वर पाहिलंही नाही. गाडीच्या फळ्यांतून पाणी गळत होतं, तपकिरी, चिकट, खवल्यांनी चमचमणारं. माश्यांचा ढग गाडीबरोबरच गल्लीत शिरला होता.

रेघा ओढून झाल्या. टेप लावली. चाकांच्या पुढचं माप तिने वाचलं. मागचं वाचलं. मग तिने टेपचं टोक सोडलं.

"फाकलीत," ती म्हणाली. "रिकामी असताना आत असतात, माल भरला की पुढून बाहेर फाकतात. म्हणून रस्त्याचा उतार जिकडे असेल तिकडे पळते ही. तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

त्याने माप स्वतः वाचून पाहिलं. मग पाना घेऊन घाईघाईने खाली शिरायला लागला. पण खांद्याने दगा दिला. हात डोक्याच्या वर गेला की पाना गळून पडे. दोनदा पडला. तिसऱ्यांदा त्याच्या कपाळावर पडता पडता राहिला.

"व्हा बाहेर," ती म्हणाली.

"अगं, तू? खाली? ते गळतंय बघ—"

"दिसतंय मला. व्हा बाहेर आणि इंजिन बंदच ठेवा!"

तिने फडकं बांधलं. रेक्झीन पसरलं, त्यावर उताणी झाली आणि सरपटत आत गेली. आत दर्पाची नुसती भिंत होती. फडकं पहिल्या श्वासालाच कुचकामी ठरलं. पाठीखालचं रेक्झीन ओलं झालं, मग मान ओली झाली, मग तो ओलेपणा केसांत शिरला. एक आतडं फळीच्या फटीतून लोंबत होतं आणि गाडीला कोणाचा हात लागला की झुलत होतं. ती शिव्या द्यायला लागली. सासऱ्याला, मध्यस्थाला, आपल्या भोळ्या बापाला, जगातल्या यच्चयावत माशांना. शिव्या देता देता तिने रॉडचे दोन्हीकडचे नट सैल केले. पाना अडकवला, पाय टायरला टेकवले आणि जोर लावला. रॉड हलेना. तिने तोंड उघडून दीर्घ श्वास घेतला, कारण त्याशिवाय जोर येत नव्हता, आणि नेमका तेव्हाच फडक्याच्या कडेवरून एक थेंब तिच्या ओठांवर पडला.

ती कुशीवर वळून ओकली. तोंड पुसायला हाताची एकही जागा स्वच्छ नव्हती.

"राहू दे," बाहेरून त्याचा आवाज आला. रडवेला. "राहू दे गं. जाऊ दे ती गाडी. बाहेर ये."

"टेप धरून बसा गुपचूप!"

रॉड फिरला. अगदी थोडा. ती बाहेर आली, त्याने गाडी पुढे-मागे केली, दोघांनी मोजलं. अजून हवं होतं. ती पुन्हा आत गेली. असं किती वेळा झालं ते तिने मोजलं नाही. शेवटी माप जमलं तेव्हा तिने ते दोनदा वाचून दाखवलं, गिऱ्हाइकाला सांगावं तसं कोरड्या आवाजात.

रविवार उजाडला. धाकटा भाऊ ठरल्याप्रमाणे आला. कालपासून भरलेल्याच उभ्या गाडीत दोघे भाऊ बसले, मोठा स्टिअरिंगवर, आणि घाटाकडे गेले. ती पायरीवर बसून राहिली. शनिवारपासून तिने इतक्या आंघोळी केल्या होत्या की कातडी सोलवटली होती. साबण, सोडा, शेवटी कपडे धुवायची पावडर. वास गेला नव्हता. सकाळी पोस्टातली बाई दुरुस्त केलेली पँट न्यायला आली, माप बघायला ही जवळ गेली तशी बाई दोन पावलं मागे सरली आणि पर्समधून रुमाल काढून नाकाशी धरला. वरून हसलीही, वाईट वाटू नये म्हणून. नाकवालीने पँट कागदात गुंडाळून लांबूनच तिच्या हातात दिली.

दुपारी गाडी परत आली. नवरा उडी मारून उतरला.

"उतारावर हात सोडून बघितलं! याला विचार. दोन्ही हात सोडले, सरळ! अगदी सरळ!"

धाकटा मागून उतरला. त्याचं तोंड उतरलं होतं, पण तो मनाचा वाईट नव्हता. "दादा चालवील अजून कितीतरी वर्षं," तो म्हणाला, आणि मग हळूच, तिला एकटीलाच, "वहिनी, सुटत होतात की. काय केलंत हे?"

"जेवून जा भाऊजी."

"नको," तो म्हणाला, आणि नकळत त्याचा हात नाकाकडे गेला. तिच्याजवळ उभं असताना. त्याच्या लक्षात आलं तसा त्याने तो खाली घेतला, आणि घाईघाईने निघून गेला.

अंगणात गाडी नेहमीच्या जागी उभी राहिली, माश्यांसकट, गळतीसकट. तेल घातलेल्या बिजागरीची खिडकी तिने आत जाऊन बंद करून घेतली. आता ती उघडणार नव्हती. कितीतरी वर्षं, असं भाऊजी म्हणाले होते. तिने जेवण केलं, म्हणजे रांधलं. नवऱ्याचं ताट वाढलं. तो सूज आलेला खांदा विसरून दोन्ही हातांनी स्टिअरिंग कसं धरलं आणि कसं सोडलं ते हवेत दाखवत होता. ती आपलं ताट उचलून नेहमीसारखी खिडकीकडे निघाली.

"आज इथे बस ना," तो म्हणाला.

"नको. अंगाला वास येतोय माझ्या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच फुटला. "सगळ्यांना येतोय. त्या पोस्टातलीला आला, भाऊजींना आला. जात नाहीये हो. कितीही घासलं तरी जात नाहीये."

त्याने घास हातात तसाच ठेवून तिच्याकडे पाहिलं. मग उठून, तिच्या ओल्या केसांजवळ नाक नेऊन, अगदी मनापासून हुंगलं.

"कसला वास?" तो म्हणाला.

तिने आपलं ताट त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. मग त्याच्या शेजारी बसली आणि जेवू लागली.